लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर? आधी स्ट्रोक मोजा

गाडी खाली घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास "किती खाली?" हाच असतो. ३० मिमी की ४०, टायर आणि फेंडरच्या कडेमध्ये किती बोटं उरतील, पुढून-मागून सारखी दिसेल का. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा, की गाडी खाली बसल्यावर डॅम्पर (स्प्रिंगचं डोलणं आवरणारा, बोलताना आपण शॉकअप म्हणतो तोच) बंप स्टॉपवर, म्हणजे त्याला शेवटी अडवणाऱ्या मऊ ठोकळ्यावर, टेकेपर्यंत किती मिलिमीटर शिल्लक राहतील, म्हणजे किती स्ट्रोक उरेल? लोअरिंग स्प्रिंग पुरतील की कॉइलओव्हरच हवेत, याचं निम्म्याहून अधिक उत्तर या एका मापात असतं. आणि बहुतेक खरेदी नेमकं हेच माप न घेता होते.

दोन्हींतला फरक थोडक्यात. लोअरिंग स्प्रिंग म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगच्या जागी बसणारी, तिच्यापेक्षा आखूड आणि थोडी कडक स्प्रिंग. डॅम्पर, टॉप माउंट (डॅम्परचं वरचं टोक बॉडीला धरणारी बैठक), बेअरिंग सगळं जुनंच राहतं. उंची एकच, कारखान्यात ठरलेली. कॉइलओव्हरमध्ये डॅम्परच्या अंगावर आटे पाडलेले असतात, त्यांवर एक कडी फिरते आणि त्या कडीवर स्प्रिंग बसते. कडी फिरवली की उंची बदलते. पण कॉइलओव्हरची खरी किंमत या कडीत नाही. स्प्रिंग आणि डॅम्पर एकमेकांना मापून बनवलेले असतात, निदान असायला हवेत, ती किंमत त्यात आहे.

हिशेब करून पाहू

एका कोपऱ्यावर, म्हणजे एका चाकाच्या वाट्याला, स्प्रिंगने उचललेलं वजन ३०० किलो धरू. कंपनीच्या स्प्रिंगचा चाकापाशी जाणवणारा ताठपणा २२ न्यूटन प्रति मिमी, आणि गाडी उभी असताना बंप स्टॉपपर्यंत मोकळी जागा ७० मिमी. साध्या रोजच्या गाडीला शोभतील असे हे आकडे आहेत.

चाक ७० मिमी वर ढकलायला लागणारं जादा बळ २२ गुणिले ७०, म्हणजे १,५४० न्यूटन. आता ३० मिमी खाली घेणारी स्प्रिंग टाकली आणि ती ३० न्यूटन प्रति मिमीची आहे असं समजा. मोकळी जागा उरली ४० मिमी. बंप स्टॉपवर टेकायला आता ३० गुणिले ४०, म्हणजे फक्त १,२०० न्यूटन लागतात. स्प्रिंग ३६ टक्के कडक झाली, तरी गाडी पूर्वीपेक्षा लवकर बंप स्टॉपवर आदळते. ऊर्जेच्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. ७० मिमीमध्ये जुनी स्प्रिंग साधारण ५४ ज्यूल पचवत होती. तेवढेच ज्यूल ४० मिमीमध्ये पचवायचे तर ६७ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग हवी, म्हणजे मूळच्या तिप्पट कडक.

"स्प्रिंग टाकल्यापासून गाडी कडक झाली" अशी जी तक्रार असते तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. स्प्रिंग तेवढी कडक नसतेच. दर मोठ्या खड्ड्यात, दर गतिरोधकावर गाडी बंप स्टॉपवर उभी राहते आणि तो गचका अंगावर येतो. बंप स्टॉप हीसुद्धा पॉलियुरेथेन फोमची एक स्प्रिंगच आहे, पण दाबत गेलं की तिचा ताठपणा झपाट्याने चढतो. वळणात बाहेरचं पुढचं चाक बंप स्टॉपवर टेकलं की तेवढ्या कोपऱ्याचा ताठपणा एकदम वाढतो, तो टायर लोड घेऊन घसरू लागतो आणि गाडी स्टीअरिंग दाखवेल तितकी वळत नाही.

मग कॉइलओव्हरमध्ये काय वेगळं होतं? तिथे याच गाडीला ५५ ते ६५ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग लावता येते, कारण ती सांभाळेल असा डॅम्पर सोबत येतो. शिवाय डॅम्परचं अंग आखूड असतं, त्यामुळे खालच्या उंचीवरही आतला स्ट्रोक उरतो. मोल द्यावं लागतं ते आरामात. ३०० किलोला २२ न्यूटन प्रति मिमी म्हणजे नैसर्गिक कंपनसंख्या सुमारे १.३६ हर्ट्झ, ३० ला १.६, आणि ६० ला २.२५. सर्वसाधारण घरच्या गाड्या १ ते १.५ हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. २ च्या पुढे गेलं की रस्त्याची प्रत्येक शिवण कळते, डॅम्पर कितीही उत्तम असला तरी. गुळगुळीत ट्रॅकवर तेच हवंहवंसं वाटतं. मागच्या सीटवर वयस्कर माणूस बसणार असेल तर नाही.

स्ट्रोक मोजायचा कसा

एक साधा प्लॅस्टिकचा केबल टाय पुरतो. पुढचं चाक काढा, डस्ट कव्हर वर सरकवा, डॅम्परच्या चकचकीत दांड्यावर टाय घट्ट पण सरकेल असा बांधा आणि डॅम्परच्या सीलवर टेकवून ठेवा. चाक लावून गाडी जमिनीवर घ्या, पुढे-मागे ढकलून स्थिरावू द्या, आणि चाक पूर्ण बाहेरच्या बाजूला वळवून आत पाहता येतं तिथून डॅम्परच्या वरच्या कडेपासून बंप स्टॉपच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. हा तुमचा मोकळा स्ट्रोक. आता नेहमीच्या रस्त्यांवर, नेहमीच्या माणसांसह गाडी चालवा. दांडा जितका आत जाईल तितका सील त्या टायला वर ढकलतो आणि तो तिथेच राहतो. परत आल्यावर टाय डॅम्परच्या कडेपासून किती वर गेला आहे ते मोजा. ते तुम्ही खरोखर वापरलेलं अंतर.

७० पैकी ४५ वापरले गेले असतील आणि तुम्हाला ३० मिमी खाली यायचं असेल, तर उत्तर समोर आहे: साध्या लोअरिंग स्प्रिंगवर ही गाडी रोज आदळणार. ३० च वापरले असतील तर २५ मिमीची चांगली स्प्रिंग बिनघोर टाका.

मागे मोजताना एक गुणोत्तर लक्षात ठेवा. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच खांबात, तो थेट चाकाच्या भागाला जोडलेला) चाक आणि डॅम्पर जवळजवळ बरोबरीने हलतात. मागे डॅम्पर किंवा स्प्रिंग आर्मवर (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्यावर) आतल्या बाजूला बसलेली असेल, तर चाक १० मिमी हललं तरी ती ६-७ मिमीच हलते. ताठपणाच्या हिशेबात हे गुणोत्तर वर्गाने लागतं: ०.७ असेल तर चाकापाशी स्प्रिंगचा निम्माच ताठपणा पोचतो. म्हणून किटच्या डब्यावर मागच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्यापेक्षा मोठा दिसला तर दचकू नका. दोन गाड्यांच्या किटचे आकडे शेजारी ठेवून "ही जास्त कडक" असं ठरवणं निरर्थक आहे.

मागच्या बाजूचा आणखी एक हिशेब करायलाच हवा, तो ओझ्याचा. मागच्या प्रत्येक चाकाला २० न्यूटन प्रति मिमी धरा. मागे दोन माणसं आणि सामान मिळून २०० किलो मागच्या ॲक्सलवर आले, तर चाकामागे १०० किलो, म्हणजे ९८१ न्यूटन, आणि गाडी मागून ४९ मिमी बसते. मुळात ९० मिमी जागा होती, ३० तुम्ही कमी केले, ४९ ओझ्याने खाल्ले. उरले ११. रिकाम्या गाडीत सुंदर चालणारी स्प्रिंग भरल्या गाडीत दर उंचवट्यावर ठोकते ती यामुळे.

जुना डॅम्पर, नवी स्प्रिंग

स्प्रिंग कडक केली की तिला आवरायला डॅम्परही जास्त लागतो. किती जास्त? डॅम्पिंगचं प्रमाण ताठपणाच्या वर्गमुळाने घसरतं. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर प्रमाण सुमारे १२ टक्के कमी होतं. नवा, सुदृढ डॅम्पर एवढं सोसतो. म्हणून चांगल्या कंपन्यांच्या सौम्य स्प्रिंग मूळ डॅम्परवर चालतात, आणि त्या तशाच चालाव्यात म्हणून बेताने बनवलेल्या असतात. आयबाख कंपनीच्या प्रो-किटसारख्या स्प्रिंग साधारण ३० मिमीच्या आसपास थांबतात त्यामागे हाच विचार आहे. ताठपणा दुप्पट केला तर मात्र प्रमाण २९ टक्क्यांनी पडतं, आणि मूळ डॅम्परवर गाडी उंचवट्यानंतर दोन-दोन, तीन-तीनदा डोलते.

डॅम्पर जुना असेल तर हे सगळं आणखी लवकर बिघडतं. ७०-८० हजार किलोमीटर झालेल्या डॅम्परवर नवी स्प्रिंग टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेलाचा ओघळ दिसत नाही म्हणजे डॅम्पर ठीक आहे असंही नाही. आतली झडप आणि तेल झिजतं, ते बाहेरून कळत नाही. मजुरी तीच, स्ट्रट एकदाच उतरवायचा, आणि सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा करण्यात अर्थ नाही.

इथे तिसरा पर्याय समोर येतो, ज्याकडे लोकांचं फार लक्ष जात नाही: लोअरिंग स्प्रिंग आणि तिच्यासाठीच आखूड केलेला डॅम्पर. बिलस्टीन कंपनीच्या डॅम्परच्या यादीत बी६ हा मूळ उंचीसाठी आणि बी८ हा खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड केलेला, असा भेद आहे. बी१२ म्हणजे बी८ आणि आयबाख स्प्रिंग एकत्र. कोनीचे पिवळे स्पोर्ट डॅम्पर परतीच्या हालचालीसाठी, म्हणजे रिबाउंडसाठी, फिरवून जुळवता येतात. रस्त्यावर चालणाऱ्या, एका ठरलेल्या उंचीवर राहणाऱ्या गाडीला हा पर्याय स्वस्त कॉइलओव्हरपेक्षा निःसंशय सरस आहे.

आखूड डॅम्परचं आणखी एक कारण आहे. चाक हवेत लटकलं की डॅम्पर पूर्ण उघडतो. लांब डॅम्परमध्ये आखूड स्प्रिंग असेल तर त्या क्षणी स्प्रिंग सैल होऊन बैठकीवरून सरकू शकते, आणि चाक खाली आल्यावर वेडीवाकडी बसते. तपासणी सोपी आहे. ॲक्सलची दोन्ही चाकं एकदम हवेत उचला आणि स्प्रिंग हाताने फिरवून पाहा. ती गच्च असली पाहिजे. हाताने खडखडत असेल तर ती जोडी चुकीची आहे. मूळ स्प्रिंगची एखादी वेटोळी कापून गाडी खाली घेण्याचा उद्योग याच कारणासाठी टाळायचा. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि पाच कार्यरत वेटोळ्यांतलं एक कापलं तर ताठपणा फक्त २५ टक्के वाढतो, जागा मात्र त्याहून कितीतरी जास्त जाते. स्प्रिंग तापवून बसवणं तर त्याहून वाईट. पोलादाचं पाणी उतरतं आणि ती नंतर बसतच जाते, किंवा तुटते.

बंप स्टॉप कापण्याबद्दलही विचारलं जातं. काही स्प्रिंगसोबतच्या कागदावर किती कापायचा ते दिलेलं असतं, काहींसोबत आखूड बंप स्टॉप येतो. कागदात नसेल तर हात लावू नका. स्टॉप छोटा केला की मोकळी जागा वाढते हे खरं, पण तो डॅम्परच्या पिस्टनला तळाशी आदळण्यापासून वाचवत असतो. पिस्टन एकदा तळच्या झडपेवर आदळू लागला की डॅम्पर काही दिवसांचाच सोबती.

कॉइलओव्हर घेताना काय पाहायचं

उंची बदलण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतला फरक मोठा आहे. पहिल्या प्रकारात फक्त स्प्रिंगखालची कडी वर-खाली होते. गाडी खाली घेतली की डॅम्परचा दांडाही तितकाच आत जातो, म्हणजे स्ट्रोक पुन्हा खाल्ला जातो. दुसऱ्या प्रकारात डॅम्परचं अंग खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर आत-बाहेर होतं. एकूण लांबीच बदलते, त्यामुळे उंची काहीही असो, डॅम्परचा स्ट्रोक तेवढाच राहतो. दुसरा प्रकार ऐकायला बिनचूक वाटतो, पण त्यात डॅम्परने जागा राखली तरी टायर आतल्या अस्तरावर किंवा ड्राइव्ह शाफ्ट चॅसीवर घासू शकतो, कारण आता त्याला अडवणारं कोणी नसतं. पहिला प्रकार वाईट नाही. उत्पादकाने सांगितलेल्या उंचीच्या पट्ट्यात राहिलात तर त्यातले उत्तम किट निर्दोष चालतात. कडी पट्ट्याबाहेर नेली की मात्र तुम्ही लोअरिंग स्प्रिंगच्याच अडचणीत परत येता, फक्त जास्त पैसे देऊन.

प्रीलोडबद्दलचा (स्प्रिंगवर आधीच दिलेल्या दाबाबद्दलचा) गैरसमज इथेच काढून टाकतो. कडी वर चढवून स्प्रिंग दाबली म्हणजे ती कडक होते, हे चूक आहे. एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा ताठपणा तार, व्यास आणि वेटोळ्यांची संख्या ठरवते. तारेची जाडी १० टक्के वाढवली तर ताठपणा ४६ टक्के वाढतो, कडी कितीही फिरवली तरी त्यात तसूभर फरक पडत नाही. कडी १० मिमी वर नेली की गाडी १० मिमी वर येते, वरच्या बाजूचा स्ट्रोक १० ने वाढतो, लटकण्याच्या बाजूचा १० ने कमी होतो, इतकंच. ६० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग ३०० किलोखाली जेमतेम ४९ मिमी दबते. मूळची २२ वाली १३४ मिमी दबत होती. म्हणून कडक स्प्रिंग चाक लटकल्यावर लगेच सैल होते आणि तिच्यावर पातळ, चपटी हेल्पर स्प्रिंग लागते. तिचं काम फक्त मुख्य स्प्रिंगला जागेवर धरून ठेवण्याचं. ती गाडीच्या वजनाखाली पूर्ण मिटलेली दिसते, तो दोष नव्हे.

आता नॉब, म्हणजे डॅम्परचा कडकपणा क्लिक-क्लिकने कमी-जास्त करणारी फिरकी. ३२ क्लिक आहेत म्हणजे डॅम्पर चांगला, असं काही नाही. रस्त्यावरच्या बहुतेक एका-नॉबच्या डॅम्परमध्ये तो नॉब मुख्यतः रिबाउंड आणि मंद गतीच्या हालचालीवर काम करतो, म्हणजे गाडी कलणं, ब्रेकखाली नाक खाली जाणं. खड्ड्याचा वेगवान धक्का आतल्या पातळ चकत्यांची चळत ठरवते, तिच्यापर्यंत नॉब पोचत नाही. म्हणून खड्डे कडक लागतात म्हणून नॉब सैल करत गेलात, तर धक्का तसाच राहतो आणि गाडी मात्र डोलू लागते. के.डब्ल्यू. कंपनीच्या कॉइलओव्हरची रचना हा फरक समजून घ्यायला चांगली आहे. व्हेरिएंट १ मध्ये फक्त उंची बदलते, २ मध्ये रिबाउंड जुळवता येतो, ३ मध्ये रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (आत दबण्याची हालचाल) वेगवेगळे. माझ्या मते रस्त्यासाठी नीट जुळवलेला, नॉब नसलेला डॅम्पर हा ढिसाळ जुळवलेल्या बहुक्लिकी डॅम्परपेक्षा कधीही बरा.

नॉब असेल तर मोजणी नेहमी पूर्ण कडक टोकापासून सुरू करायची. हलक्या हाताने थांबेपर्यंत फिरवा, तो शून्य. तिथून मागे मोजा, कारण सैल टोक दर डॅम्परला थोडं वेगळं येऊ शकतं. चारही चाकांची नोंद कागदावर ठेवा, एका वेळी एकाच ॲक्सलवर तीन-तीन क्लिक बदला आणि तोच रस्ता पुन्हा चालवा. रिबाउंड गरजेपेक्षा कडक झाला तर ओळीने आलेल्या उंचवट्यांवर चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. गाडी दर धक्क्याला थोडी-थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर येते. हे अगदी "स्प्रिंग मऊ आहे" असं वाटतं, आणि माणूस नॉब आणखी कडक करतो. आधी तीन क्लिक सैल करून पाहा.

बऱ्याच गाड्यांना मागे स्प्रिंग आणि डॅम्पर वेगळ्या जागी असतात. अशा गाडीच्या "कॉइलओव्हर किट"मध्ये मागे वेगळी स्प्रिंग, तिच्याखाली उंची बदलणारी बैठक आणि वेगळा डॅम्पर येतो. हे बरोबर आहे. स्प्रिंग डॅम्परवर चढवून मागे "खरे कॉइलओव्हर" करणारे किट मिळतात, पण डॅम्परचं वरचं टोक जिथे बांधलेलं असतं तो पत्रा गाडीचं वजन पेलण्यासाठी बनलेला नसतो. तिथे जोड भक्कम केल्याशिवाय हे केलं तर पत्र्याला तडा जातो.

दोन्हींना लागू असलेली भूमिती

उभ्या गाडीच्या खाली वाकून पुढचा लोअर आर्म पाहा. चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा खाली किंवा फार तर बरोबरीत असावं. गाडी इतकी खाली घेतली की चाकाकडचं टोक वर गेलं, तर मॅकफर्सन गाडीचं रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली घसरतं. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलंडवणारी तरफ लांब होते. गाडी खाली आली, स्प्रिंग कडक झाली, तरी वळणात ती पूर्वीइतकीच कलते, असं चमत्कारिक दृश्य यातून दिसतं. शिवाय चाक वर जाताना उणे कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) मिळायच्या ऐवजी जातो. टाय रॉड (स्टीअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) आणि आर्म यांच्या कमानी जुळेनाशा झाल्या की खड्ड्यात स्टीअरिंग हातातून ओढलं जातं. लांब दांड्याचे बॉल जॉइंट आणि टाय रॉडच्या टोकाखालचे स्पेसर हा त्यावरचा इलाज, पण आर्म आडवा राहील एवढंच खाली जाणं हा त्याहून सोपा इलाज.

व्हील अलाइनमेंट दोन्हींना अनिवार्य. आतल्या बाजूने टायर खाल्ला की दोष कॅम्बरला दिला जातो, खरा गुन्हेगार बहुधा टो (चाकाचं तोंड सरळ न राहता आत किंवा बाहेर वळलेलं असणं) असतो. एका चाकाचा टो ०.२ अंश चुकला तर भूमितीच्या हिशेबाने टायर दर किलोमीटरला सुमारे साडेतीन मीटर आडवा घासतो. उणे १ ते उणे १.५ अंश कॅम्बर टो बरोबर असताना रस्त्यावर फारसं नुकसान करत नाही. हेडलाइटचा झोत आणि समोरच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही याच वेळी तपासून घ्या. ज्या गाड्यांत मागच्या आर्मला हेडलाइटचा उंची-सेन्सर जोडलेला आहे, तिथे त्याची दांडी नव्या उंचीला जुळवावी लागते.

बसवताना बिघडतं ते कुठे

काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं माप लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा ते माप बदलते.

स्ट्रट उतरवताना आधी ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ब्रॅकेटमधून सोडवा, मग स्टॅबिलायझरची (गाडीचं कलणं कमी करणाऱ्या बारची) ड्रॉप लिंक, मग नकलचे (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचे) बोल्ट. नकल सोडल्यावर ती वायरवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा. स्प्रिंग दाबायचे दोन क्लॅम्प समोरासमोर लावा, आळीपाळीने थोडे-थोडे आवळा, आणि स्प्रिंग बैठकीतून पूर्ण सैल झाल्याची खात्री झाल्यावरच वरचा नट सोडा. दाबलेल्या स्प्रिंगच्या तोंडासमोर चेहरा किंवा हात येऊ देऊ नका. त्या स्प्रिंगमध्ये माणसाचं हाड मोडेल इतकी ताकद असते. वरचा नट परत लावताना इम्पॅक्ट गन वापरायची नाही. दांडा आत गरगरा फिरतो आणि सील खरवडलं जातं. दांड्याला आतून षटकोनी किल्लीने धरून ठेवा आणि टॉर्क पान्याने आवळा. टॉर्कचे आकडे गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. जे बोल्ट एकदाच वापरायचे म्हणून लिहिलेले आहेत ते नवेच लावा.

नव्या स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकलंच पाहिजे, आणि छापील अक्षरं सुलटी दिसली पाहिजेत. ५ मिमीची फट राहिली तरी पहिल्या काही किलोमीटरमध्ये स्प्रिंग "टंग" करून सरकते. टॉप माउंटचं बेअरिंग जुनं असेल तर तेही याच वेळी बदला. स्टीअरिंग वळवताना स्प्रिंगमधून येणारा झंकार बहुतेक वेळा त्या बेअरिंगचा असतो.

सर्वांत जास्त दुर्लक्षित बाब सांगतो. आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट चाक लटकत असताना आवळू नका. ते बुश रबराने बांधलेले असतात, फिरत नाहीत, पिळतात. लटकत्या स्थितीत आवळले तर गाडी जमिनीवर येताच ते कायमचे पिळलेले राहतात, गाडी काही मिलिमीटर वर अडकते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. आर्मखाली जॅक लावून चाक आधी लिहून ठेवलेल्या मापातून ठरवलेल्या नव्या उंचीवर आणा, मगच शेवटचा टॉर्क द्या. स्टॅबिलायझरची ड्रॉप लिंकही त्याच स्थितीत. गाडी फार खाली गेली असेल तर मूळ लांबीच्या लिंकमुळे बारचा कोन बिघडतो आणि बार ड्राइव्ह शाफ्टला किंवा स्ट्रटला लागतो, तेव्हा आखूड लिंक घ्यावी लागते.

मग कोणी काय घ्यावं

रोजची गाडी, डॅम्पर तरुण, २५-३० मिमी पुरेसे आणि मोजलेल्या स्ट्रोकमधून तेवढे वजा करूनही हाती काही उरतंय: चांगल्या कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंग घ्या आणि समाधानाने चालवा. त्याच वापरासाठी डॅम्पर जुने असतील तर स्प्रिंग आणि आखूड डॅम्परची जुळलेली जोडी. ट्रॅकवर नियमित जाणं असेल, उंची चाकानुसार जुळवायची असेल, प्रत्येक कोपऱ्यावरचं वजन तराजूवर तोलायचं असेल, तर कॉइलओव्हरला पर्याय नाही. एक कोपरा वर उचलला की त्याच्यावरचं आणि कर्णात समोरच्या चाकावरचं वजन वाढतं, ही जुळवणी स्थिर उंचीच्या स्प्रिंगवर करताच येत नाही. ३५-४० मिमीपेक्षा खाली जायचंच असेल तरीही कॉइलओव्हर, कारण तेवढ्या खाली मूळ डॅम्परमध्ये काही उरतच नाही. आणि हातातल्या पैशात फक्त सर्वांत स्वस्त कॉइलओव्हर बसत असतील, तर तेच पैसे स्प्रिंग-डॅम्परच्या जोडीवर लावा असं मी ठामपणे सांगेन. स्वस्त किटमध्ये काटछाट होते ती झडपांच्या जुळणीत, सीलमध्ये आणि वरच्या माउंटमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रत्येक जागी.

कॉइलओव्हर घेतलेत तर देखभालही घेतलीत. आट्यांमध्ये चिखल आणि मीठ बसतं, ॲल्युमिनियमची कडी पोलादी अंगावर पांढरी गंजून जाम होते, आणि मग हुक पान्याने कडीचे दात तुटतात. बसवतानाच आटे ब्रशने साफ करून त्यांवर मेणाचा संरक्षक थर मारा. ओलं ग्रीस नको, त्यात रेती चिकटते. पावसाळ्याआधी आणि नंतर धुऊन कडी एखादा फेरा वर-खाली फिरवा आणि जागेवर परत आणा. त्यासाठी आट्यांची संख्या आधी मोजलेली असावी. आट्यांची चाल साधारण १.५ ते २ मिमी असते. २ मिमी चालीची कडी मागच्या आर्मवर असेल आणि गुणोत्तर ०.६५ असेल, तर एका फेऱ्याला चाकापाशी सुमारे ३ मिमी उंची बदलते. स्प्रिंग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून अंतिम उंची आणि अलाइनमेंट ५०० किलोमीटरनंतर करा. त्याच वेळी लॉकची कडी, टॉप नट आणि नकलचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा, आणि डस्ट कव्हर उचलून दांड्यावरचा केबल टाय कुठवर गेला आहे ते पाहा.